जोडीतली दुसरी खुर्ची

आमच्या ह्यांच्या आत्याबाई जुन्या खुर्च्या दुरुस्त करायच्या. "नव्या करून देता ना?" असं कुणी विचारलं की त्यांना राग यायचा. "नवी कशी होईल? म्हाताऱ्याला औषध दिलं तर तो तरणा होतो का? चालता-फिरता होतो, एवढंच," म्हणायच्या.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट पत्र्याची शेड, आणि तिच्या मागे राहायची एक खोली. आत पाऊल टाकलं की लाख, सरस आणि कुजका काथ्या यांचा एकत्र वास यायचा. दोन्ही भिंतींना खुर्च्या लावलेल्या असायच्या, सगळ्या दाराकडे तोंड करून. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा दारातच थबकले होते. कुणीतरी आत्ताच बोलायचं थांबलंय आणि सगळे माझ्याकडे बघतायत, असं मला वाटलं. ह्यांना सांगितलं तर हे हसले. हसायला ह्यांचं काय जातं?

आत्याबाईंचा उजवा पाय लहानपणापासून आखूड. बसल्या की तो जमिनीला पोचायचा नाही, मग टाच पुढच्या आडव्या दांडीवर टेकवायच्या आणि अंग डावीकडे कलायचं. डाव्या हाताचा अंगठा सतत काहीतरी घासत असायचा, खोक्याची कड म्हणा, पदर म्हणा. खोकं म्हटलं, कारण त्यांना स्वतःची खुर्ची नव्हती. सगळ्या गावाला बसायला दिलं आणि स्वतः जन्मभर एका उलट्या लाकडी खोक्यावर बसल्या. विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या मापाची अजून आली नाही."

लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे राहून गेलं. ही कला त्यांना वडिलांनी शिकवली, आणि मग वडीलच अंथरुणाला खिळले. त्यांना भरवणं, धुणं, कुशीवर वळवणं सगळं आत्याबाईंनी एकटीने केलं. वडील गेले तोवर वय उलटून गेलं होतं. त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण एक गोष्ट मला त्या पुन्हापुन्हा सांगायच्या: "मरणाला मी भीत नाही गं. पण माझ्यासारखी वेळ माझ्यामुळे दुसऱ्या कुणा बाईवर यायला नको. तसं काही झालं तर मला सरळ कुठल्यातरी आश्रमात नेऊन टाका." मी म्हणायचे, "टाकू हं, आधी चहा घ्या."

आम्ही नवीन घर घेतलं तेव्हा मला जेवणाच्या टेबलाला चार एकसारख्या खुर्च्या हव्या होत्या, दुकानातल्या, चकचकीत. हे म्हणाले, "घरात आत्या असताना बाहेरून खुर्च्या आणल्या तर लोक तोंडात शेण घालतील." मग काय, गेलो.

त्यांच्याकडे खुर्ची निवडायची रीतच वेगळी होती. रंग, नक्षी बघू द्यायच्या नाहीत. डोळे मिटून बसायला लावायच्या आणि स्वतः खोक्यावरून बघत राहायच्या. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाची बसायची एक खोड असते आणि ती लाकडात उतरते. कीड मारायची, सांधे घट्ट करायचे, काथ्या बदलायचा, पॉलिश चढवायचं. पण झीज मात्र पुसायची नाही. "झीज पुसली की खुर्ची खोटं बोलायला लागते," म्हणायच्या. मग जुन्या माणसाची खोड आणि नव्या माणसाची खोड जुळवून द्यायच्या. नाही जुळली तर पाठ दुखते, सांधे करकरतात आणि खुर्ची सहा महिन्यांत माळ्यावर जाते.

मला एक उंच पाठीची, वेलबुट्टी कोरलेली खुर्ची आवडली होती. मी पटकन जाऊन बसले.

"ती नको," आत्याबाई म्हणाल्या.

"का? चांगली ऐसपैस आहे की."

"हिच्यात बसणारा माणूस सारखा मागे वळून बघायचा. खुर्चीच्या उजव्या हाताची मागची कड बघ कशी धरून धरून गुळगुळीत झालीये. मागचा सांधा पिळवटलाय."

"मागे काय होतं?"

"ते खुर्चीला काय माहीत?" त्या म्हणाल्या. मी उठले. उठताना मागे बघितलं, हेही खरं.

माझ्यासाठी खुर्ची शोधायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. "सूनबाई, तू बसत नाहीस, नुसती टेकतेस," त्या म्हणाल्या. "पुढच्या कडेवर. आणि उजव्या पायाचा अंगठा दांडीवर घासत राहतेस. माझ्या पॉलिशची वाट लावशील."

"टेकून बसायला वेळ कुणाला आहे? घरची कामं काय तुमच्या खुर्च्या करणार?"

त्या खूप हसल्या. मग झिजेची गंमत सांगितली. दांडीवर नखाएवढा खळगा दिसला तर समजायचं, कुणीतरी थोडी वर्षं तिथे बसलं. "आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढा दिसला, तर बसणारं माणूसही त्यातच म्हातारं झालं." तसली झीज आपण फार क्वचित बघितली, असं म्हणाल्या.

चार खुर्च्या ठरल्या. दुरुस्तीला वेळ होता, म्हणून मी दुपारी घरचं आवरून खिळे उपसायला तिकडे जायला लागले. तशी मला त्यांची संगत आवडायची. मी फटकळ, त्या माझ्यापेक्षा फटकळ, त्यामुळे आमचं जमायचं.

अशाच एका दुपारी जुनं सामान विकणारा टेम्पो घेऊन आला. हातांच्या दोन खुर्च्या होत्या, जोडी, समोरासमोर तोंडं करून दोरीने बांधलेली. एकमेकींच्या इतक्या जवळ, की मधे माणसाचे गुडघेही मावले नसते.

"कुठल्या?" आत्याबाईंनी विचारलं.

"बंद घरातल्या. मालक कोण ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही. घर मोकळं करून पाहिजे होतं, केलं." दोरी सोडून तो गेला. पुढे त्याला मी दोनदा खोदून विचारलं, तर त्याला ते घर कुठल्या गल्लीत होतं तेही धड आठवेना.

आत्याबाईंनी त्यातली एक पुढे ओढली आणि सोलायला घेतली. वर तपकिरी रेक्झिन, त्याखाली प्लास्टिकचा कागद, त्याखाली फुलाफुलांचं जुनं कापड. त्या एकेक थर उलगडून शांतपणे सांगत होत्या. वाचायची ती खालून वर, म्हणाल्या.

"बाईमाणूस होतं. डावीकडे कलून बसायची. हे बघ, खालच्या कापडाला डाव्या हाताच्या टोकाखाली भोक पडलंय. अंगठ्याने घासून घासून. आणि वरच्या रेक्झिनला तिथे ओरखडासुद्धा नाही. म्हणजे मधे कधीतरी तो हात थांबला."

"आणि प्लास्टिक?"

"प्लास्टिक कशाला असणार? पुढे पुढे आवरत नाही माणसाला." मग पाठीच्या दोन पट्ट्यांवरून बोट फिरवलं. तिथे एक आडवा घासलेला पट्टा होता. "हिला बांधून बसवत असत. पुढे कलंडू नये म्हणून."

सगळं सोलून झालं की सांधे बघायला त्या एकदा स्वतः बसून बघायच्या. तशा बसल्या. उजवी टाच दांडीवर गेली आणि तिथल्या खळग्यात बसली. अंग डावीकडे कललं आणि बैठकीतला डावीकडचा खोलगटपणा भरून गेला. मग त्यांचा डावा अंगठा आपणहून खुर्चीच्या हाताखाली शिरला. मी समोरच खिळे उपसत होते, मला सगळं दिसत होतं.

"आत्याबाई?"

"गप जरा."

त्या हलल्या नाहीत. आपल्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आली एकदाची माझ्या मापाची." थट्टेत म्हणाल्या, पण नजर हातावरून काढली नाही.

मला भीती वाटली की मी उलटी तोंड चालवायला लागते. "अहो, जगात लंगड्या बायका काय तुम्ही एकट्याच? असेल कुणीतरी."

"तेच की." त्या उठल्या आणि उतरवलेली कापडं उजेडात नेऊन बघू लागल्या. फुलांचं काय, रेक्झिन काय, दोन्ही एकाच बाजूला विटली होती, उजवीकडे. वर्षानुवर्षं उजव्या अंगाने ऊन खाल्लेलं. त्यांनी आपल्या खोलीत डोकावून पाहिलं. तिथे खुर्ची राहील अशी एकच जागा, आणि खिडकी तिच्या डावीकडे. मी बघितलं, त्यांचे खांदे खाली आले. "माझ्याकडे ऊन डावीकडून येतं. ही बाई वेगळी," म्हणाल्या आणि चक्क हसल्या. मीही हसले. जीव भांड्यात पडला.

मग त्या जोडीतल्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या. नीट टेकल्याही नसतील, चटका बसल्यासारख्या उठल्या. वाकून खालच्या दांडीला हात लावला. आणि का कोण जाणे, माझ्या पायांकडे बघितलं.

"काय झालं?"

"किडलीये ही. आतून पार पोकळ. चुलीत घालते." आणि मला म्हणाल्या, "तू जा आता घरी. उशीर झाला." उशीर कसला? अजून उन्हं उतरली नव्हती.

आमच्या चार खुर्च्या तयार झाल्या तेव्हा त्या घर बघायला आल्या. हीही त्यांची रीतच, खुर्ची कुठे राहणार ते बघितल्याशिवाय द्यायची नाही. टेबल पाहिलं, भिंतींना हात लावला. मग पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"इथे काय ठेवणार?"

"एखादी हातांची खुर्ची ठेवू म्हणते. उजेड छान असतो दिवसभर."

त्या भिंतीला पाठ लावून, खोलीकडे तोंड करून उभ्या होत्या. ऊन त्यांच्या उजव्या अंगावर पडलं होतं. त्यांनी उजवा हात पुढे केला, उन्हात उलटासुलटा करून पाहिला, आणि पदराखाली घेतला. चहा ठेवला होता, तो न घेता निघून गेल्या. जिन्यात त्यांच्या आखूड पायाचा आवाज मी खालपर्यंत ऐकला.

त्यानंतर त्या बदलल्याच. आमच्याकडे येईनात. मी दुकानात गेले तर म्हणायच्या, "तुला घरी कामं नाहीत?" त्याच सुमारास ह्यांना दुसऱ्या शहरात बदलीचं विचारलं होतं, आणि मलाही तिथे एका शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळत होती. माझी पहिलीच, हक्काची. माझा पाय निघत नव्हता तो आत्याबाईंपायी. तर ह्याच बाई ह्यांच्या मागे लागल्या, "बदली घे, लगेच घे, बायकोला घेऊन जा." मी म्हटलं, "आम्ही गेल्यावर तुमच्याकडे कोण बघेल?"

"तू कोण माझी? भाचेसून. ना रक्ताची ना मांसाची," त्या म्हणाल्या. "दुपारी येऊन डोकं खातेस तेवढं पुरे."

मला ते फार लागलं. मीही काहीबाही बोलले आणि निघून आले. घरी येऊन ढसाढसा रडले आणि ह्यांना सांगितलं, घ्या बदली, त्या तोंडाकडे मला परत बघायचं नाही.

सामान बांधून झालं होतं. फक्त त्या चार खुर्च्या तेवढ्या बाहेर होत्या, कारण कशात बांधाव्या ते कळत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. आत्याबाई शेडमध्ये पडल्या होत्या. हातात पॉलिश पेपर होता, म्हणाला.

डावी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड. हॉस्पिटलात मला बघितल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. वळत नव्हती, तरी वळवली. शब्द जड येत होते. "आश्रम," म्हणाल्या. "तुझ्याकडे नको." मला अजून त्या दिवसाचा राग होताच. म्हटलं, "नका येऊ. मला तरी कुठे हौस आहे?" ह्यांनी एक आश्रम बघूनही ठेवला. स्वच्छ होता, खोटं कशाला बोलू.

तिथे न्यायला त्यांचे कपडे आणायला म्हणून मी शेडमध्ये गेले. दुपार होती, रस्त्यावर वर्दळ होती, तरी आत शिरताना मी दार सताड उघडं ठेवलं. सगळ्या खुर्च्या दाराकडे तोंड करून. ती त्यांच्या मापाची मागच्या खोलीच्या दारात होती, तशीच सोललेली. आणि त्यांच्या खोक्यासमोर, जिथे त्या पडल्या त्या जागेवर, शेजारच्या दुकानदाराने टाकलेल्या चादरीखाली काहीतरी होतं. मी चादर ओढली.

जोडीतली दुसरी खुर्ची. चुलीत गेली नव्हती. कीड तर नखभरसुद्धा नव्हती. दांडीच्या उजव्या बाजूला नव्या लाकडाचं ठिगळ बसवलं होतं, वर लांबीचा लगदा भरून, घासून, रंग मिळवून. बैठकीची पुढची कडही नव्याने बांधली होती. अर्धवट पॉलिश झालं होतं, पॉलिश पेपर खालीच पडला होता.

मी तिथेच खाली बसले. ज्या बाईने आयुष्यात कुणाची झीज पुसली नाही, तिने ही पुसायला घेतली होती. खोटं बोलायला लावलं होतं खुर्चीला. दांडीचं उजवं टोक, बैठकीची पुढची कड. ही कुणाची खोड ते मला कुणी वाचून दाखवायला नको होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या पायांकडे का बघितलं, आमच्या खिडकीपासून का पळाल्या, मला तोडून का बोलल्या, सगळं एकदम समजलं. भीती वाटली. खूप वाटली. दरवाजा उघडा होता, टॅक्सी बाहेर उभी होती. त्यांनी माझ्यासाठी एवढं करून ठेवलं होतं, मी नुसतं कपडे उचलून निघायचं होतं.

मी त्या खुर्चीत बसले. टेकले, म्हणा. उजव्या पायाचा अंगठा दांडीवर गेला आणि ठिगळाच्या बरोबर मधे थांबला.

दोन्ही खुर्च्या मी घरी आणल्या. त्यांच्या मापाची खिडकीपाशी ठेवली, भिंतीला पाठ लावून, दुसरी तिच्यासमोर. ती जरा लांब ठेवून बघितली तर गुडघे अडायचे नाहीत, पण चमचा पोचायचा नाही. बदली रद्द झाली, माझी नोकरी गेली. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. हे एकदा म्हणाले, "तुला खुर्चीने ओढलं." मी म्हटलं, खुर्ची मी उचलून आणली, जिना चढून, हमालाशी भांडून. तरी रात्री कधीकधी मलाच कळत नाही, कुणी कुणाला आणलं.

आत्याबाई पहिले काही दिवस माझ्याशी बोलल्याच नाहीत, नुसत्या रडायच्या. बैठकीवर मी तपकिरी रेक्झिन चढवून घेतलं. दुकानात तेवढंच होतं. त्याखाली प्लास्टिक घालायला लागलं. त्या कलंडायला लागल्या तेव्हा जुन्या साडीचा पट्टा केला आणि पाठीच्या पट्ट्यांना बांधला, तर तो आपणहून त्या घासलेल्या जागेत जाऊन बसला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग मी गाठ मारली.

एकच गोष्ट मला जाणून घ्यायची होती. ठिगळ मारायच्या आधी तो खळगा किती खोल होता, हे फक्त त्यांनी पाहिलं होतं. मी विचारायचे, त्या तोंड खिडकीकडे वळवायच्या. मी सोडणारी थोडीच? रोज भरवताना विचारायचे.

परवा दुपारी पुन्हा विचारलं. ऊन त्यांच्या उजव्या हातावर होतं. ह्या वेळी त्यांनी तोंड वळवलं नाही. मग तो हात हळूहळू उचलला आणि अंगठ्याचं नख पहिल्या बोटावर टेकवलं. अर्ध्या पेरावर. आणि त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

माझ्या पायाचा अंगठा दांडीवर घासत होता, तो थांबवला. मग म्हटलं, थांबवून काय होणार, आणि घासू दिला. पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचा चमचा भरला.

"मग सावकाश जेवा," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे?"